खंडेनवमीला धुतलेलं मॅग्नेट

बर्फात हात धरून बसलं की पहिली दोन-चार मिनिटं बोटं ठणकतात. मग ठणका थांबतो आणि बोटं आपली आहेत की दुसऱ्या कुणाची, तेच कळत नाही. मी पीएच.डी. करत होते त्या वर्षांत माझ्या उजव्या हाताची बोटं दिवसातला बराच वेळ अशीच असायची. डायझोनियम मीठ करायचं म्हणजे भांडं बर्फात दाबून धरायचं, एका हातानं काचेच्या कांडीनं ढवळायचं आणि नायट्राइटचं पाणी थेंब थेंब सोडायचं. पारा पाच अंशांच्या वर गेला की सगळं तपकिरी होऊन फुकट जायचं. बाहेर परभणीचा मे महिना असला तरी भांड्याला ते कळू द्यायचं नसतं.

कॉलेजच्या फ्रीजमधला बर्फ पुरायचा नाही. मी फाटकासमोरच्या रसवंतीवरून लादीचा तुकडा गोणपाटात गुंडाळून आणायचे आणि वाटेतल्या किराणा दुकानातून खडे मीठ घ्यायचे. मला लांबून बघितलं की रसवंतीवाला हातातलं गिऱ्हाईक सोडून लादी फोडायला घ्यायचा. आत उसाची मशीन बसवली की काय, मॅडम, असं एकदा त्यानं विचारलंही. मी हो म्हणून टाकलं. खरं सांगायला घेतलं असतं तर बर्फ वितळला असता.

खरं सांगायचं तर फार अवघड नाही. डायझोनियम मीठ खायचं नसतं. पांढरे, किंचित गुलाबी झाक असलेले स्फटिक असतात. त्यांच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू असे बसलेले असतात की त्यांना कधी एकदा उठून जातो असं झालेलं असतं. गरम झालं की ते सुटतात. पार कोरडं करून लोखंडी चमच्यानं खरवडलं तर भडका उडू शकतो. म्हणून थोडंच करायचं, प्लास्टिकच्या चमच्यानं उचलायचं, बाटली फ्रीजमध्ये ठेवायची. पण ते कामाचं आहे ते याच उतावळेपणामुळे. नायट्रोजन उठून गेला की मोकळ्या झालेल्या कार्बनला दुसरा कार्बन जोडता येतो, आणि अशा जोडण्या औषधं बनवणाऱ्यांना हव्या असतात. जोडून द्यायला मात्र पॅलेडियम नावाचा धातू लागतो. तो भलताच महाग आहे. आमच्या कॉलेजात तो मागायचा म्हणजे अर्ज घेऊन महिनोन्महिने प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभं राहायचं.

माझं म्हणणं असं होतं की पॅलेडियम लागतच नाही. आमच्या शेतातली काळी माती तेच काम करते. माझा प्रबंध या एका वाक्यावर उभा होता. वाक्य खरं ठरलं तर मी डॉक्टर, नाहीतर चार वर्षं बर्फात हात घातलेली बाई.

ही कल्पना माझ्या गाइडची. सर पिंगळीहून रोज मोटारसायकलवर यायचे आणि हेल्मेट काढता काढता नवीन काहीतरी सांगायचे. काळ्या मातीत जी बारीक चिकणमाती असते ती आम्लात धुवून बाहेरच्या कंपन्या बाटल्यांत विकतात, आणि आपण ती पैसे देऊन मागवतो, याचा त्यांना मनापासून राग होता. तुझ्या वावरात ढीग पडलाय, घेऊन ये, म्हणाले. फक्त जिथं खत-फवारा पडला नाही अशा जागेची आण.

आमचं वावर सोनपेठ तालुक्यात, गोदावरीपासून फार लांब नाही. तीन एकर. माझे वडील, म्हणजे दादा, आणि आई पूर्वी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. दादांच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हापासून ते थांबलं आणि आहे तेवढ्या शेतावर भागायला लागलं. मी मातीचं सांगितलं तेव्हा दादांनी बांधाकडेचा, बाभळीजवळचा कोपरा दाखवला. दोन गुंठ्यांचा असेल. मी डबाभर माती घेतली आणि ती कशाला हवी ते त्यांना समजावत बसले. म्हटलं, दोन पदार्थ असतात, ते आपणहून एकमेकांना जोडले जात नाहीत. तिसरं कुणीतरी मध्ये पडतं, त्यांना जोडून देतं आणि स्वतः बाजूला होतं.

"मंजी सोयरीक जुळवनारा," दादा म्हणाले.

मी इतकी वर्षं पुस्तकं वाचून याहून सोपं काही सांगू शकले नव्हते. त्यांनी पुढं विचारलं की हे काम आपली माती करणार का. मी म्हटलं, बघू.

परभणीला खोलीवर आल्यावर मी ती माती बादलीत कालवली, जड रेती खाली बसू दिली, वरचं गढूळ पाणी काढून त्यातली बारीक माती आम्लानं धुतली, वाळवली, चाळली. हातात घेतली की पावडरीसारखी लागायची. प्रयोगशाळेत मला टेबल मिळालं होतं ते एका सिनियरचं. तो पॅलेडियमवरच काम करायचा, डिग्री झाल्याबरोबर हैदराबादला कंपनीत लागला. आमच्याकडे रीत अशी की टेबल ज्याला मिळालं त्याला त्यावरची सगळी चीजवस्तू मिळते. चिमटे, बुचं, तडा गेलेलं फनेल आणि मॅग्नेट. मॅग्नेट म्हणजे बोटाच्या पेराएवढी, प्लास्टिकचं पांढरं आवरण असलेली चुंबकाची कांडी. ती चंबूत टाकायची, चंबू स्टररवर ठेवायचा, की कांडी आत गरगर फिरते आणि मिश्रण ढवळत राहते. दुसऱ्याचं मॅग्नेट कुणी घ्यायचं नाही, हा आमच्यातला अलिखित नियम होता. हरवलं तर नवीन मिळत नसे. सिनियरचं मॅग्नेट वापरून वापरून काळपट झालं होतं. मी ते ॲसिटोननं धुतलं, पुसलं आणि आपलं म्हणून घेतलं.

जानेवारीत पहिल्यांदा माती घालून पाहिलं. मॅग्नेट फिरायला लागलं आणि पाचेक मिनिटांत चंबूत बारीक बुडबुडे यायला लागले. नायट्रोजन सुटत होता. तासाभरानं मी प्लेटवर थेंब लावून दिव्याखाली धरला तर जिथं काही नसायचं तिथं नवीन ठिपका होता, म्हणजे नवा पदार्थ तयार झाला होता. सरांनी स्वतः प्लेट हातात घेतली, दिव्याखाली तीनदा फिरवली आणि कॅन्टीनमधून सगळ्यांना चहा मागवला.

माती न घालता तोच प्रयोग करून पाहायचा असतो. मी केला. इथंच चूक झाली. प्रयोगशाळेत दोन स्टरर होते, त्यातला एकच नीट फिरायचा. तो मी मातीला दिला, कारण महत्त्वाचा प्रयोग तो. बिनमातीचा प्रयोग मी दुसरीकडे काचेच्या कांडीनं ढवळत केला. त्यात काही झालं नाही. मी वहीत लिहिलं, माती नसेल तर क्रिया होत नाही, आणि खाली रेघ ओढली. ही रेघ मी पुढं बऱ्याचदा उघडून पाहिली आहे.

गावी गेले की दादा आधी मातीचं विचारायचे. मी सांगायचे, चाललंय. उन्हाळा संपता संपता त्यांनी त्या कोपऱ्याला काट्याचं कुंपण घातलं. तिथं काही पेरायचं नाही, खत टाकायचं नाही, शेजाऱ्याची बैलं जाऊ द्यायची नाहीत. खरिपात सगळं रान हिरवं झालं आणि तो तुकडा तसाच काळा राहिला. आई कुरकुरली. दादा म्हणाले, ती आता बाईची जागा हाय. बाई म्हणजे मी.

तेव्हा मला अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही असेल. मला त्या वर्षातलं नीट आठवतं ते एवढंच की रोजची प्लेट, रोजचा ठिपका, आणि ठिपका आला की सुटका झाल्यासारखं वाटणं. पावसाळा संपत आला तसा मिळणारा पदार्थ थोडा थोडा कमी व्हायला लागला. मी हवेतल्या ओलाव्याला दोष दिला. पेपर पाठवला. दसऱ्याच्या आधी स्वीकारल्याचं पत्र आलं. प्रबंध जवळजवळ टाइप झालेला होता. सर म्हणाले, शेवटचं म्हणून तीन उदाहरणं पुन्हा करून आकडे तपासून टाक, म्हणजे दिवाळीनंतर जमा करायला मोकळे.

आणि मध्ये खंडेनवमी आली.

आमच्या प्रयोगशाळेत एक परिचर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. नोकरी लागली तेव्हाच्या कुणा विभागप्रमुखांनी त्यांना शिकवलं होतं की पूजेला मांडायची वस्तू नुसती पुसून चालत नाही, आतून-बाहेरून स्वच्छ निघाली पाहिजे. ते विभागप्रमुख कधीच निवृत्त झाले, पण मामांचं चालू राहिलं. एरवी वर्षभर ते आमच्या वस्तूंना हात लावायचे नाहीत. नवमीच्या आदल्या दिवशी मात्र सगळं त्यांच्या ताब्यात. तराजू, बर्नर, स्टँड, झाडून सगळी काचेची भांडी. फ्रीज बंद करून आतून धुवायचे. मग दुसऱ्या दिवशी टेबलावर पांढरं कापड, त्यावर सगळी उपकरणं, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. सर मोटारसायकलची किल्लीसुद्धा त्यात ठेवायचे. मी त्या वर्षी हळदकुंकू वाहिलं आणि पेढा खाऊन गावी गेले.

दसऱ्यानंतर परत आले आणि पहिलं उदाहरण लावलं. बुडबुडे आले नाहीत. तासानं प्लेट पाहिली, ठिपका नव्हता. संध्याकाळपर्यंत ठेवलं, तरी नाही.

मला लगेच फ्रीज आठवला. मामांनी तो दिवसभर बंद ठेवला होता आणि माझं मीठ खिडकीत उन्हाला राहिलं होतं. बाटली उघडून पाहिली तर स्फटिक लालसर झालेले. मी मामांना सगळ्यांसमोर बोलले. पूजेच्या नावाखाली चार महिन्यांचं काम घालवलं, असं काहीतरी. ते हातातलं फडकं खांद्यावर टाकून बाहेर गेले.

मी रसवंतीवरून बर्फ आणला, हात बधिर करून नवीन मीठ केलं. पांढरंशुभ्र आलं. चंबू लावला. काही नाही. जोडायचा दुसरा पदार्थ नवीन बाटलीतून घेतला. नाही. द्रावक पुन्हा शुद्ध केला, चंबू बदलला, तापमान बदललं. नाही आणि नाही. आठ दिवसांत मी सतरा वेळा तोच प्रयोग लावला आणि सतरा प्लेटा एका रांगेत भिंतीला टेकवून ठेवल्या. पहिल्या चार-पाच वेळा दुसरी प्लेट करून पाहिली. नंतर काही वाटेनासं झालं. प्लेट दिव्याखाली धरायची, बघायची, ठेवायची. जेवायला बसले तर किती पोळ्या खाल्ल्या ते लक्षात राहायचं नाही.

शेवटी वाटलं, माती बिघडली. दादांना फोन केला की त्याच कोपऱ्यातली, जरा खालच्या थराची माती हवी. मी डबाभर म्हटलं होतं. दादा पोतं घेऊन आले. सोनपेठहून एसटीनं, कंडक्टरशी हुज्जत घालून, दुखऱ्या गुडघ्यांनिशी ते पोतं त्यांनी स्टँडवर उतरवलं आणि ऑटोत घालून कॉलेजच्या पायऱ्यांपर्यंत आणलं. वर आल्यावर माझं टेबल बघायचं म्हणाले. मी दाखवलं. रिकामा चंबू, बंद स्टरर, भिंतीला टेकवलेल्या प्लेटा. ते हात मागं बांधून बघत राहिले, कशालाही हात लावला नाही. जाताना म्हणाले की कमी पडली तर सांग, आणखी खणतो.

त्या पोत्यातल्या मातीनंही काही झालं नाही.

दिवाळीची सुट्टी लागायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. मी मॅग्नेट धुवून चिमट्यानं फडक्यावर ठेवत होते. मामा शेजारचं सिंक घासत होते. माझ्याशी ते त्या दिवसापासून बोलत नव्हते. त्या दिवशी मात्र त्यांच्यानं राहवलं नाही.

"फ्रीज बंद ठेवला ते दिसलं तुमाला," ते सिंककडे बघतच म्हणाले. "तुमचं हे मॅग्नेट कोळशावानी काळं झालतं. अम्लराजात बुडवून पांढरं करून दिलं, ते न्हाई दिसलं."

मी मॅग्नेट उचलून पाहिलं. पांढरं होतं. पंधरा-वीस दिवस मी ते रोज हातात घेत होते, तरी पांढरं झालेलं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

अम्लराज म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक. सोनंसुद्धा विरघळवणारं आम्ल. पॅलेडियम तर विरघळतंच. सिनियरनं दोन-तीन वर्षं ते मॅग्नेट पॅलेडियममध्ये फिरवलं होतं. त्याचा काळा थर आवरणाच्या बारीक चिरांत बसला होता, ॲसिटोननं तो निघणारा नव्हता. जानेवारीपासून चंबूत जे काही होत होतं ते त्या काळ्या थरानं होत होतं, दर वेळी थोडा थोडा झिजत. म्हणून पावसाळ्यात पदार्थ कमी मिळायला लागला होता. आणि बिनमातीच्या प्रयोगात मी काचेच्या कांडीनं ढवळलं होतं.

हे मला तिथं उभ्या उभ्या एका मिनिटात कळलं.  मी मामांना विचारलं की सगळीच मॅग्नेटं अम्लराजात घातली का. ते हो म्हणाले, दर नवमीला घालतो, फक्त हे सिनियर कुलपात ठेवायचा, ते यंदाच हाताला लागलं. मी सरांच्या कपाटातून पॅलेडियमची जुनी बाटली मागून आणली. तळाशी चिकटलेले कण तेवढे होते. त्यातला टाचणीच्या टोकावर मावेल एवढा विरघळवून त्याचा एक थेंब चंबूत टाकला. माती घातली नाही. बुडबुडे यायला वेळ लागला नाही. अर्ध्या तासात ठिपका आला, मी जानेवारीत पाहिला होता त्याच जागी.

सरांना मी सगळं सांगितलं. मातीची कोरी आणि पॅलेडियमची ठिपक्याची, अशा दोन्ही प्लेटा त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यांनी त्या उलट्या करून ठेवल्या. मग म्हणाले की पेपर वाचणारे काही परभणीला येऊन तुझं मॅग्नेट बघणार नाहीत, आणि परीक्षक प्रयोग लावत नसतात. हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. सर लबाड नव्हते. घाबरलेले होते. त्या पेपरवर त्यांचंही नाव होतं आणि त्यांच्या हाताखाली माझ्यासारखे आणखी चार जण होते. दिवाळीनंतर बघू, म्हणाले. तोवर कुणाला बोलू नकोस. मी बरं म्हटलं. मला खरंच काही वाटत नव्हतं. कुणी म्हटलं असतं की प्रबंध जमा कर, तर मी केला असता. फाड म्हटलं असतं तर तोही फाडला असता.

पुढचं आधीच सांगून टाकते. सुट्टीनंतर मी सरांना सांगितलं की मी हे झाकणार नाही. ते दिवसभर केबिनचं दार लावून बसले आणि संध्याकाळी स्वतःच पत्र लिहिलं, पेपर मागं घेत असल्याचं. सही दोघांची. मग सहा महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी मामांची माफी मागितली. त्यांनी कशाबद्दल म्हणून विचारलं, आणि मला वाटतं ते खरंच विसरले होते. किती कमी पॅलेडियममध्ये हे मीठ जोडता येतं, यावर मी नव्यानं काम केलं. डिग्रीला दोन वर्षं उशीर झाला. प्रबंधात मातीबद्दल एकच ओळ आहे, तिचा या क्रियेत सहभाग आढळला नाही म्हणून. आता मी शिकवते आणि विद्यार्थ्यांची मॅग्नेटं वेळोवेळी मागवून बघते. ते हसतात.

पण हे सगळं सुट्टीनंतरचं. ठरलं ते सुट्टीत, वावरात.

पाडव्याच्या सकाळी दादा मला कोपरा दाखवायला घेऊन गेले. कुंपणाचे काटे नवे लावले होते. आतली माती खुरपून, हरळी वेचून साफ केली होती. जिथून पोतं भरलं होतं तो खड्डा चौकोनी, कडा कापलेल्या. बाकीच्या रानात ज्वारी वीतभर वर आली होती. दादा सांगत होते की सोनपेठच्या बाजारात लोक विचारतात, तुमच्या मातीतून औषध निघायलंय म्हने. शेजाऱ्यानं बैलं इथून घालू का विचारलं, त्याला न्हाई म्हनलं. पुढच्या साली कडेचे आणखी दोन गुंठे मोकळे ठेवायचा त्यांचा विचार होता. कंपनीवाले आले तर माती कमी पडायला नको.

ते मोकळ्या ठेवायच्या जागेवर पावलं टाकून मोजत होते. गुडघ्यामुळं एक पाऊल लहान पडत होतं, एक मोठं. मला सर म्हणाले होते ते आठवत होतं, कुणाला बोलू नकोस. मी बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं.

"दादा, माती काईच करीत न्हवती."

ते थांबले. मी सांगत गेले. सिनियरचं मॅग्नेट, त्याला चिकटलेला धातू, मामांनी ते धुतलं, मग सगळं थांबलं. जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. दादांनी वाकून एक ढेकूळ उचललं आणि बोटांनी फोडत राहिले.

"मंजी सोयरीक जुळवनारा दुसराच निघाला," ते म्हणाले.

"हो."

"सरायला म्हाईत हाय?"

"हाय. कुनाला बोलू नको म्हनले."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते विचारतील की तुझ्या डिग्रीचं काय. किंवा बाजारात काय सांगू म्हणतील. त्यांनी हातातली माती खाली सोडली आणि हात झटकले.

"मंग पेरू का तिथं आता?"

"पेरा," मी म्हटलं.

ज्वारीची वेळ निघून गेली होती, हरभऱ्याची होती. ते घरी जाऊन बियाणं घेऊन आले. काटे काढून बांधावर टाकले. बैलं जुंपून पेरणीची तिफण घालावी एवढी ती जागा नव्हती, म्हणून दादा कुदळीनं काकरी ओढत पुढं चालले आणि मी मागून दाणे टाकून माती लोटत गेले. माती वरून कोमट होती आणि दोन पेरं आत गेलं की ओली, गार. एक मुळी लागली, मग खडा, मग पुन्हा मऊ माती. प्रत्येक गोष्ट बोटांना वेगळी कळत होती. किती दिवसांनी मला हाताला काही लागत होतं. तिसऱ्या काकरीवर मला रडू फुटलं आणि आवरेना. दादांनी मागं वळून पाहिलं नाही. ते फक्त कुदळ टेकवून उभे राहिले. मी परत दाणे टाकायला लागल्यावर त्यांनी पुढची काकरी ओढायला घेतली.